कायसेरीचा स्वभाव आणि कायसेरीचे कारखाने

तुर्कस्तानात कायसेरी शहराच्या माणसांवर रचलेल्या विनोदांना तोटा नाही. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध विनोदातला कायसेरीकर गाढव रंगवतो आणि ते त्याच्या मूळ मालकालाच विकतो. काही जण मालकाच्या जागी त्याच्या बापाला घालतात. दुसऱ्या एका विनोदानुसार तिथल्या घरात हुशार मुलाला दुकानावर बसवतात आणि मठ्ठ मुलाला शाळेत पाठवतात. हे विनोद केवळ बाहेरचे लोक सांगतात असेही नाही. कायसेरीचे व्यापारी स्वतःच ते पाहुण्यांना रंगवून सांगतात, कारण त्यांतून होणारी बदनामी त्यांच्या धंद्याला मानवणारी आहे. एखाद्या गावाच्या स्वभावाविषयी असे किस्से असावेत यात वावगे काहीच नाही. अडचण सुरू होते ती हेच किस्से अर्थशास्त्राच्या आणि राजकारणाच्या भाषेत शहराच्या भरभराटीचे स्पष्टीकरण म्हणून वापरले जाऊ लागतात तेव्हा. कायसेरीच्या बाबतीत गेली काही दशके नेमके हेच झाले आहे, आणि ते स्पष्टीकरण चुकीचे तर आहेच, पण ज्या प्रश्नांची उत्तरे शासनाने आणि उद्योजकांनी द्यायला हवीत त्या प्रश्नांतून त्यांना अलगद सोडवणारेही आहे, असे माझे म्हणणे आहे.

मध्य अनातोलियाच्या पठारावर, ३,९०० मीटरांहून उंच असलेल्या एरजियेस या शांत ज्वालामुखीच्या पायथ्याशी कायसेरी वसले आहे. हिवाळा कडक, बंदर शेकडो किलोमीटर दूर, आणि आसपासची जमीन फार सुपीक नाही. तरीही आज दहा लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर फर्निचर, विजेच्या तारा, डेनिमचे कापड आणि घरगुती उपकरणे बनवते व ती देशोदेशी पाठवते. १९८० नंतर तुर्कस्तानात जी मध्यम आकाराची शहरे इस्तंबूलच्या सावलीतून बाहेर पडून निर्यातदार झाली, त्यांना ‘अनातोलियाचे वाघ’ म्हटले जाऊ लागले. गाझियानतेप, देनिझली, कोन्या यांच्याबरोबर कायसेरीचे नाव त्यात नेहमी पुढे असते. २००४ साली इथल्या औद्योगिक वसाहतीत एकाच दिवशी १३९ नव्या उद्योगांचा मुहूर्त करून विश्वविक्रमासाठी अर्ज करण्यात आला, यावरून शहराच्या तेव्हाच्या उत्साहाची कल्पना यावी.

हे सारे घडले कसे, याचे सर्वांत गाजलेले उत्तर २००५ साली मिळाले. बर्लिनच्या युरोपियन स्टॅबिलिटी इनिशिएटिव्ह या अभ्याससंस्थेने कायसेरीवर अहवाल काढला आणि त्याला ‘इस्लामी कॅल्व्हिनवादी’ असे शीर्षक दिले. भांडवलशाहीच्या वाढीमागे कॅल्व्हिनच्या अनुयायांसारख्या प्रोटेस्टंट पंथीयांची काटकसर, कष्टाळूपणा आणि ऐहिक कामालाच धर्मकर्तव्य मानण्याची वृत्ती होती, ही माक्स वेबर यांची मांडणी प्रसिद्ध आहे; तीच आता अनातोलियातल्या धर्मनिष्ठ मुसलमान कारखानदारांना लावली गेली. त्याच वर्षी तुर्कस्तानच्या युरोपीय संघातील प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू झाल्या होत्या, त्यामुळे इस्लाम आणि आधुनिक भांडवलशाही यांचे जमते असे सांगणारे उदाहरण अनेकांना हवेच होते. अहवालात पतपुरवठा, औद्योगिक वसाहत, स्त्रियांचे रोजगारातले अत्यल्प प्रमाण असे पुष्कळ तपशील होते. लोकांच्या लक्षात राहिले ते शीर्षक, आणि अहवालांचे बहुधा असेच होते.

या स्वभाववादी मांडणीला इतिहासाचा आधार देण्यासाठी हमखास कुलतेपेकडे बोट दाखवले जाते. कायसेरीच्या ईशान्येला सुमारे वीस किलोमीटरांवर असलेल्या या टेकाडात कानेश या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभी इथे व्यापाऱ्यांची वसाहत होती आणि त्यांची कर्जखती, पत्रे, भागीदारीचे करार, न्यायनिवाडे असे लिखाण असलेल्या सुमारे २३ हजार मातीच्या विटा उत्खननात मिळाल्या आहेत. युनेस्कोने २०१५ साली त्यांची जागतिक स्मृतिठेव्यांत नोंद केली. त्यातून ‘चार हजार वर्षांची व्यापारी परंपरा’ हा शब्दप्रयोग निघाला आणि तो पर्यटनाच्या पत्रकांपासून मंत्र्यांच्या भाषणांपर्यंत सगळीकडे पोचला. पण या विटा लिहिणारे व्यापारी कानेशचे नव्हते. ते सुमारे हजार किलोमीटर दूर, आजच्या इराकमधल्या अश्शूर नगरातून गाढवांचे तांडे घेऊन आले होते. कथील आणि कापड आणायचे, चांदी-सोने घेऊन जायचे, असा त्यांचा व्यवहार होता. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या ज्या धंद्याचा शहराला अभिमान आहे तो परदेशातून आलेल्या लोकांनी केलेला धंदा होता. शिवाय त्यानंतर या भूमीवर हित्ती, पर्शियन, ग्रीक, रोमन, बायझन्टाइन, सेल्जुक आणि उस्मानी म्हणजे ऑटोमन अशा सत्ता आल्या, भाषा बदलल्या, धर्म बदलले, लोक बदलले. एवढ्या उलथापालथीतून एखादा ‘व्यापारी स्वभाव’ अखंड झिरपत आला असे मानायचे, तर तो मातीत किंवा पाण्यात असतो असे म्हणावे लागेल.

धर्माचे स्पष्टीकरण तर त्याहून लवकर कोलमडते. उस्मानी काळात कायसेरी आणि आसपासच्या तालास, एव्हेरेक अशा गावांत आर्मेनियन ख्रिस्ती, तसेच तुर्की भाषा बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, ज्यांना करामानली म्हणतात, मोठ्या संख्येने राहत होते. इस्तंबूलमध्ये किराणा, पास्तर्मा म्हणजे मसाला लावून वाळवलेले मांस, आणि कापड यांच्या व्यापारात जे कायसेरीकर दिसत त्यांत हे ख्रिस्ती व्यापारी ठळकपणे होते, आणि व्यवहारचातुर्याची जी ख्याती आज मुसलमान कायसेरीकरांना चिकटली आहे तीच तेव्हा त्यांनाही चिकटलेली होती. तेलाच्या व्यवहारातून अफाट संपत्ती मिळवणारे कालुस्त गुलबेंकियान यांचे घराणे मूळचे तालासचे. तीन धर्मसमुदाय एकाच पेठेत, एकाच हिशेबाच्या पद्धतीने वागत असतील, तर त्यांतल्या एकाच्या धर्मातून ती पद्धत निघाली हे कसे मानायचे?

आणि मग त्या इतरांचे काय झाले, हा प्रश्न स्वभाववादी मांडणीत येतच नाही. १९१५ साली कायसेरीच्या आर्मेनियनांना हद्दपार करण्यात आले. त्यांतले बहुसंख्य मारले गेले किंवा परतू शकले नाहीत. १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीच्या करारानंतर करामानली ख्रिस्ती ग्रीसला गेले. ज्यांना ग्रीक नीट येतही नव्हते अशा माणसांना धर्माच्या निकषावर ग्रीक ठरवले गेले. मागे राहिलेली घरे, दुकाने, बागा आणि गोदामे ‘सोडून दिलेली मालमत्ता’ या कायदेशीर नावाखाली शासनाकडे आणि शासनामार्फत किंवा परस्पर इतरांकडे गेली. कायसेरीत सूर्प क्रिकोर हे आर्मेनियन चर्च आजही उभे आहे. दुसऱ्या एका चर्चच्या इमारतीत अनेक वर्षे व्यायामशाळा चालत होती. शहराची भरभराट याच लुटीतून झाली असे मी म्हणत नाही, कारण कारागीर आणि व्यापारी गेल्यामुळे शहराचे नुकसानही मोठे झाले. पण भांडवल कुठून आले याचा हिशेब मांडताना काटकसर हा रकाना भरायचा आणि हा रकाना कोरा ठेवायचा, हे प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे.

विसाव्या शतकातला कायसेरीचा उद्योग प्रत्यक्षात कसा उभा राहिला, हे पाहायचे तर पेठेतून बाहेर पडून दोन सरकारी कारखान्यांपाशी जावे लागते. पहिला विमानांचा. तुर्की प्रजासत्ताक अवघे दोन वर्षांचे असताना, १९२५ साली, जर्मनीच्या युंकर्स कंपनीशी भागीदारीचा करार झाला आणि १९२६ मध्ये कायसेरीत विमान कारखाना सुरू झाला. तोवर शहरात रेल्वेही पोचलेली नव्हती. ती १९२७ साली आली. जागा निवडण्यामागचा विचार लष्करी होता: समुद्र आणि सरहद्द यांपासून दूर, शत्रूच्या माऱ्याबाहेर असे ठिकाण हवे होते. युंकर्सशी मतभेद होऊन भागीदारी लवकरच मोडली, पण कारखाना शासनाने चालवला आणि १९३० च्या दशकात तिथे परवान्याखाली अमेरिकी कर्टिस आणि पोलिश बनावटीची लढाऊ विमाने तयार झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मदतीतून विमाने येऊ लागली तेव्हा उत्पादन थांबले आणि कारखाना देखभाल-दुरुस्तीचे केंद्र बनला. विमाने बनवणे बंद झाले तरी लेथ चालवणारे, साचे करणारे, वेल्डिंग करणारे, मिलिमीटरच्या अंशापर्यंत माप काटेकोर ठेवायला शिकलेले हात शहरातच राहिले. २००७ ते २०१४ या काळात तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष असलेले, आणि ‘धर्मनिष्ठ अनातोलियाचा’ चेहरा म्हणून जगाने ओळखलेले अब्दुल्ला गूल कायसेरीचेच. त्यांचे वडील याच कारखान्यात यंत्रकामगार होते. वेबरचा दाखला देणाऱ्या किती लेखांत हा तपशील आला असेल, कोण जाणे.

दुसरा कारखाना सूमरबँक या सरकारी औद्योगिक बँकेच्या कापडगिरणीचा. सोव्हिएत संघाने दिलेल्या ऐंशी लाख डॉलरच्या कर्जातून, सोव्हिएत वास्तुविशारद इवान निकोलायेव यांच्या आराखड्यानुसार आणि सोव्हिएत यंत्रांनिशी ही गिरणी उभी राहिली व १६ सप्टेंबर १९३५ रोजी तिचे उद्घाटन झाले. कर्जाची फेड रोख रकमेत न करता तुर्की मालाच्या रूपाने करायची होती. गिरणीबरोबर कामगारांची घरे, दवाखाना, क्रीडांगण आणि पोहण्याचा तलावही बांधला गेला. म्हणजे ज्या शहराला आज धर्मनिष्ठ खासगी उद्यमशीलतेचे माहेरघर म्हटले जाते, तिथली ही मोठी गिरणी साम्यवादी देशाच्या पैशाने आणि नियोजनाने उभी राहिली आणि निधर्मी शासनाने चालवली.

या गिरणीच्या आरंभीच्या वर्षांतली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. कामगार टिकत नसत. आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसे काही आठवडे, काही महिने काम करत आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत, किंवा भोंग्याच्या शिस्तीला कंटाळून, गावी निघून जात. व्यवस्थापन हैराण होते. कष्टाळूपणा आणि कामाची शिस्त हा इथल्या माणसाचा जन्मजात गुण असता, तर ही हैराणी कशाला झाली असती? खेडूत आळशी होते असेही नव्हे. शेती करणाऱ्या माणसाला घड्याळाबरहुकूम मजुरी करण्याचे कारण तोवर पडले नव्हते. घरे मिळाली, प्रशिक्षण मिळाले, शेतीवर पोट भरेनासे झाले, तशी शिस्त आली. पुढच्या पिढीला ती जन्मजात वाटली.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. त्याच सोव्हिएत कर्जातून एजियन भागातल्या नाझिली गावातही सूमरबँकेचा कारखाना झाला, १९३७ साली. नाझिली काही कायसेरी झाले नाही. पूर्वेला सिवास शहरात रेल्वेचे मोठे कारखाने होते. तेही कायसेरीच्या मागेच राहिले. मग सरकारी कारखाना पुरेसा नव्हता हे उघड आहे, आणि उरलेले काम स्वभावाने केले असे कुणी म्हटले तर त्याला उत्तर काय?

उत्तर असे की, उरलेले काम शोधून पाहावे लागते. त्याला स्वभाव हे नाव देऊन थांबता येत नाही. १९५० च्या दशकात उस्मान कावुंजू हे महापौर असताना कायसेरीच्या नगरपालिकेने लहान कारागिरांसाठी स्वतंत्र औद्योगिक पेठ वसवली, त्यामुळे विमान कारखान्यातून किंवा गिरणीतून बाहेर पडलेल्या कारागिराला परवडेल असा गाळा मिळाला. जे कायसेरीकर बाहेर जाऊन श्रीमंत झाले त्यांचा पैसा आणि ओळखी शहराकडे परत येत राहिल्या. आक्चाकाया या कायसेरीजवळच्या खेड्यातले हाजी ओमर साबांजी कापसाच्या हमालीसाठी अदानाला गेले आणि त्यांच्या घराण्याने पुढे तुर्कस्तानातला सर्वांत मोठ्या उद्योगसमूहांपैकी एक उभा केला. १९४८ साली अदानात स्थापन झालेल्या आकबँकेच्या भागीदारांत कायसेरीचे व्यापारी होते. एरजियेसच्या उतारावरच्या हाजिलार या गावात शेतीयोग्य जमीन इतकी थोडी की पुरुषांना बाहेर जाऊन काही ना काही करावेच लागे. त्या गावाच्या लोकांनी भागभांडवल जमवून १९७४ साली विजेच्या तारांचा कारखाना काढला. पुढे संघटित औद्योगिक वसाहत आली, १९८० चे निर्यातीला प्रोत्साहन देणारे आर्थिक निर्णय आले, १९९६ पासून युरोपीय संघाशी जकात-संघ आला. १९५७ मध्ये सुतारकामाच्या लहान दुकानातून सुरू झालेला बोयदाक घराण्याचा धंदा दिवसा सोफा आणि रात्री पलंग होणारे स्वस्त फर्निचर विकून देशभर पोचला, तोही याच काळात, जेव्हा खेड्यांतून शहरांत आलेल्या लाखो कुटुंबांना लहान सदनिकांत मावेल असे सामान हवे होते.

यात परस्पर विश्वास, तोंडी शब्दावर उधारी, नातेवाइकांचे भांडवल या गोष्टींना महत्त्व होते, हे मी नाकारत नाही. पण त्या सवयी आहेत, आणि सवयींना सुरुवात असते, कारणे असतात आणि त्या मोडतातही. त्यांना रक्तातला किंवा श्रद्धेतला गुण मानले की त्या कशामुळे लागल्या हे विचारण्याची गरज संपते. मग दुसऱ्या एखाद्या मागासलेल्या जिल्ह्याला शासन सहज सांगू शकते की तुम्हीही कायसेरीकरांसारखे व्हा. कारखाना, रेल्वे, गाळे आणि कामगारांची घरे यांचा उल्लेखही न करता.

स्वभावाच्या या कथेत आणखी कोण दिसत नाही तेही पाहायला हवे. हाजिलारसारख्या गावांत बायका घरोघरी मागावर गालिचे विणत. सूत व्यापारी देई, नक्षी व्यापारी ठरवी, मजुरी नगावर मिळे. पुरुषांनी कारखाने काढण्याआधी घरात रोख पैसा आणणारे काम हेच होते. कायसेरीच्या उद्योजकांच्या गौरवकथांत वडिलांची काटकसर येते, आजोबांची सचोटी येते, पण मागावर बसलेल्या आजीची मजुरी भांडवल म्हणून क्वचितच मोजली जाते. शहर श्रीमंत झाल्यावर त्यांच्या मुली-नाती कारखान्यांत मोठ्या संख्येने आल्या असेही नाही. याला ‘इथली पारंपरिक वृत्ती’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पाळणाघरे किती आहेत, पाळ्यांच्या वेळा काय आहेत, घरी जायला बस आहे का, हे विचारणे तितके सोपे नाही.

महाराष्ट्रात हा वाद आपल्या चांगला परिचयाचा आहे. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य आपण शतकभर कधी खंत म्हणून तर कधी थट्टा म्हणून ऐकत आलो आहोत, आणि त्यावर उपाय म्हणून बहुतेकदा वृत्ती बदलण्याची व्याख्याने दिली जातात. भोसरी आणि चिंचवडच्या लहान यंत्रशाळांत मात्र वेगळेच दिसते. खडकीचे दारूगोळा कारखाने, पिंपरीला १९५४ साली निघालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड आणि मोठ्या वाहन कंपन्यांची सुट्या भागांची मागणी यांतून ‘धंदा न जमणाऱ्या’ घरांतल्या मुलांनी लेथ टाकले आणि ते चालवले. त्यांचा स्वभाव एका पिढीत पालटला असे म्हणण्यापेक्षा त्यांना पहिल्यांदाच संधी मिळाली असे म्हणणे अधिक बरोबर आहे.

कायसेरीच्या बाबतीत स्वभाववादी कथेची खरी परीक्षा गेल्या दशकात झाली. जुलै २०१६ मधल्या फसलेल्या लष्करी उठावानंतर, शासनाने ज्यांच्यावर उठावाचा ठपका ठेवला त्या धर्मोपदेशक फेतुल्ला गुलेन यांच्या चळवळीशी संबंध असल्याच्या आरोपावरून बोयदाक उद्योगसमूह शासनाने ताब्यात घेतला. २०१८ साली त्याचे नावही बदलून एरजियेस अनादोलू करण्यात आले. आरोपांच्या खरेखोटेपणाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. ज्या घराण्याला त्याआधी दहा-अकरा वर्षे कष्ट आणि श्रद्धा यांच्या संगमाचे मूर्तिमंत उदाहरण म्हणून जगापुढे उभे केले गेले, त्याचा उद्योग एका निर्णयासरशी हातातून गेला. काटकसर होती तेवढीच होती, नमाजही होता. बदलले होते ते सत्तेशी असलेले नाते. कारखाने मात्र नव्या व्यवस्थापनाखाली चालू राहिले, सोफे-पलंग बाजारात येत राहिले, आणि त्यातून घराण्याच्या गुणांचा वाटा किती व यंत्रे, कुशल कामगार, पुरवठादार यांचा किती, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

मग ३० जून २०२४ ची रात्र आली. एका सीरियन माणसाने लहान मुलीवर अत्याचार केल्याच्या आरोपानंतर कायसेरीत जमावाने सीरियन निर्वासितांची दुकाने आणि वाहने पेटवली, आणि दुसऱ्या दिवसापासून हे लोण इतर शहरांतही पसरले. देशभरात शेकडो लोकांना पोलिसांनी पकडले. त्यानंतर पुष्कळांनी लिहिले की हे शहर मुळातच संकुचित, कडवे, परक्यांचा द्वेष करणारे आहे. कालपर्यंत स्वभाव कौतुकासाठी वापरला जात होता, आता तोच निंदेसाठी वापरला गेला, आणि दोन्ही वेळा विचार करण्याचे कष्ट वाचले. मला हे दुसरे स्पष्टीकरणही पहिल्याइतकेच पोकळ वाटते. तात्पुरते संरक्षण मिळालेल्या सीरियन माणसाला २०१६ पासून कायद्याने कामाचा परवाना मिळू शकत होता, पण त्यासाठी अर्ज मालकाने करावा लागे, आणि बहुतेक मालक तो करत नसत, कारण परवाना नसलेला कामगार किमान वेतनाखाली राबतो आणि त्याचा विमाही भरावा लागत नाही. त्याच्याशी मजुरीच्या दरात स्पर्धा करावी लागणारा, महागाईने आणि घरभाड्याने पिचलेला तुर्की कामगार त्याच वस्तीत राहतो. कायसेरीच्या उद्योजकांच्या दानशूरपणातून उभ्या राहिलेल्या शाळा, मशिदी आणि विद्यापीठाच्या इमारती शहरभर दिसतात, आणि त्या दानाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याच उद्योजकांच्या वसाहतींत परवान्याशिवाय किती माणसे कामाला आहेत आणि त्यांना तासाला काय मिळते, याची तपासणी कामगार खात्याने करायला हवी व तिचे आकडे उद्योग-व्यापार मंडळाने स्वतःहून जाहीर करायला हवेत.